शांतीनं म्हातारी हो

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाकडं आहे. त्यावर बसायचं तर माणूस म्हातारा लागायचा. हा कायदा मिस्त्रीचा.

मिस्त्री समोरच्या पायरीवर बसलेला असायचा. कोणी शिफ्टवरून थकून आला आणि बाकड्यावर टेकला की हा पायरीवरून ओरडायचा, "वय काय तुझं?"

"पंचेचाळीस."

"ऊठ."

"अहो मिस्त्री, पाय दुखतात."

"पाय दुखले म्हणून कोणी म्हातारा होत नाही. ऊठ."

माणूस पुटपुटत उठायचा. मिस्त्री त्याच्या पाठीवर हात उगारल्यासारखा करून म्हणायचा, "शांतीनं म्हातारा हो!" आणि हे एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या खोलीत निजलेली पोरं रडत उठायची.

शांतीचं इतकं नाव घेणारा आणि इतका आरडाओरडा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तो ख्रिस्ती. नगरकडचा. भिवंडीत कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करायला आला आणि इथलाच झाला. मी तेव्हा राहनाळहून रोज चालत कामाला यायचो, मिसरूड फुटायची होती. आम्ही लूम चालवणारे, आणि लूम अडला की पान्हा घेऊन धावत येणारा तो. पुढं धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत मला खोली मिळाली, तर भिंतीला भिंत लावून हाच शेजारी. लूमच्या आवाजात जन्म गेला की कान जातात. माझा एक गेलाय. त्याचे दोन्ही गेले होते. त्याला वाटायचं आपण हळू बोलतोय.

ज्यानं लूमचा कारखाना आतून पाहिला नाही त्याला हे सांगून कळणार नाही. लूम चालू असताना आत कोणी कोणाशी बोलत नाही. ओठ बघायचे, हाताची खूण बघायची. मग मधेच लाईट जाते. सगळे लूम एका दमात थांबतात. पहिल्यांदा कानात नुसती शिट्टी वाजते. मग टपरीवरचे ग्लास ऐकू येतात, रस्त्यावरची शेळी ऐकू येते, आपलाच श्वास ऐकू येतो. अशा वेळी मिस्त्री कुठंही असो, लूमखाली आडवा पडलेला का असेना, तेलानं काळा झालेला हात वर काढायचा आणि ओरडायचा, "शांती!"

सगळा कारखाना हसायचा. माझ्या शेजारच्या लूमवर उत्तरेकडचा एक चाचा होता. तो म्हणायचा, "अरे मिस्त्री, चिल्ला के शांती कौन माँगता है?"

"पहले धीरे माँगी थी," मिस्त्री म्हणायचा, "किसी ने सुना नहीं."

शुक्रवारी आमच्याकडं लूम बंद. सगळी भिवंडी त्या दिवशी कान मोकळे करते. मिस्त्री रविवारी चर्चला जायचा, पण म्हणायचा, रविवारी बाहेर खडखडाट, पाळकसाहेबाचं बोलणं मला कळत नाही. मान हलवून येतो. खरी भक्ती शुक्रवारी. मग तो शुक्रवारी बंद कारखान्यात स्टूल टाकून, दोन्ही बाजूला थंड पडलेले लूम, आणि मधे आपलं शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून मोठमोठ्यानं वाचत बसायचा. शेठ नमाजी माणूस. त्यानं वॉचमनला सांगून ठेवलं होतं, "पढ़ने दो. मशीनों को भी सुनने दो."

एका शुक्रवारी मी विसरलेला डबा न्यायला गेलो. त्यानं मला खुणेनं बसवलं.

"ऐक. तुझ्या कामाचं आहे. एक गाव होतं. लढाया, उपासमार, पार उजाड झालेलं. तिथं माणूस म्हातारा होईपर्यंत टिकतच नव्हता. तर देव त्या गावाला काय कबूल करतो?"

"काय?"

"सोनं नाही. राज्य नाही. म्हणतो, ह्या गावाच्या रस्त्यांवर पुन्हा म्हातारे आणि म्हाताऱ्या बसतील. वय झालं म्हणून प्रत्येकाच्या हातात काठी असेल. आणि पोरं खेळतील."

"एवढंच?"

तो इतका चिडला की पुस्तक मिटलं. "एवढंच? लेका, एक म्हातारं माणूस रस्त्यावर निवांत बसायला काय काय जागेवर लागतं ठाऊक आहे? गावात कापाकापी नको. साथ नको. घरात दाणा पाहिजे. पोरानं हाकललेलं नको. सुनेनं भाकर टाकलेली पाहिजे. तेव्हा कुठं एक म्हातारं बसतं!"

आमच्या भिवंडीनंही वाईट दिवस पाहिलेत. ते इथं काढत नाही. पण मी डबा घेऊन घरी आलो तेव्हा गल्लीत बघितलं, खरंच कुठं म्हातारं माणूस बसलेलं नव्हतं. बसायला जागाच नव्हती.

महिन्याभरात त्यानं बाकडं केलं. मोडीत निघालेल्या लूमांचं लाकूड शेठकडून मागून आणलं. आडवा धागा नेणारा धोटा ज्या लाकडावरून इकडून तिकडं पळतो ना, ते. वर्षानुवर्षं धोटा पळून ते काचेसारखं गुळगुळीत झालेलं असतं. तशा पट्ट्या शेजारी शेजारी ठोकल्या, खाली लूमच्याच लोखंडाचे पाय. बरोबर दोन माणसं बसतील एवढं. गल्लीच्या तोंडाशी रोवलं आणि समोरच्या पायरीवर राखणीला बसला. स्वतः मात्र त्या बाकड्यावर कधी टेकला नाही. आम्ही म्हणायचो, काय मिस्त्री, तुमचं वय कधी होणार? तर ऐकूच आलं नाही असं करायचा. बहिऱ्या माणसाला ते सोपं असतं.

पडघ्याच्या पलीकडच्या डोंगरातली एक आदिवासी आजी भाजीची पाटी घेऊन यायची. तिला त्यानं विचारलं, "आजी, वय काय?"

"कोनास ठाव."

"ठाऊक नाही म्हणजे पुष्कळ झालं. बस."

तिनं बाकड्याकडं बघितलं, हातानं गुळगुळीत लाकूड चाचपलं आणि खाली जमिनीवर पाटीशेजारी बसली. "खालीच बरा हाय बाबा. वरून पडंन." मिस्त्री गल्लीभर सांगत फिरला, पहिली म्हातारी आली, पण तिला मान नको.

त्याचा आशीर्वाद लोकांना शिवी वाटायचा, हा दुसरा घोळ. धामणकर नाक्यावर आम्ही दोघं रस्ता ओलांडत होतो. एका रिक्षावाल्यानं आमच्या पायांवरून चाक नेल्यासारखं केलं. मी आईवरून सुरुवात केली. मिस्त्रीनं हात वर केला. "शांती से बुड्ढा हो जा!"

रिक्षा थांबली. पोरगं बाह्या सरसावत उतरलं. "बुड्ढा किसको बोला?"

"तेरे को. अब्बा हैं तेरे?"

"अब्बा को बीच में मत ला. नहीं हैं. जवान थे तभी गुज़र गए."

"तो फिर तू हो बुड्ढा. उनके हिस्से का भी हो."

पोरानं सरसावलेल्या बाह्या खाली केल्या. मागनं टेम्पो हॉर्न मारतायत, ट्रॅफिक हवालदार शिट्टी मारतोय. मग त्यानं मिस्त्रीचा दंड धरला, रिक्षात बसवलं आणि घरापर्यंत सोडलं. मला नाही घेतलं. मी शिवी दिली होती. मी चालत आलो.

आता आमच्या हिच्याबद्दल सांगतो, कारण मिस्त्रीचं सांगायचं म्हणजे तिचं सांगावंच लागतं.

तिचं माहेर पडघ्याकडचं. आई ती लहान असतानाच गेली. आजी तिनं बघितलीच नाही. माझी आईसुद्धा आमच्या लग्नाआधी गेली. त्यामुळं घरात म्हातारी बाई कशी असते हे तिला फक्त दुसऱ्यांच्या घरात बघून ठाऊक. तिचं एक ठरलेलं बोलणं होतं. "आमच्यात म्हातारी कोन झालीच न्हाय. मना व्हायचंय." बाकीच्या बायका सोनं मागायच्या, फ्लॅट मागायच्या. ही म्हातारपण मागायची.

"होऊन काय करशील?" मी विचारायचो.

"पाय पसरून बसंन. मशेरी लावंन. येनाऱ्या-जानाऱ्याला नावं ठेवंन. तुमाला पन."

"मला तर आताच ठेवतेस."

"आता घाईत ठेवते. मग निवांत ठेवंन."

बाकडं झालं त्या दिवसापासून तिचा डोळा त्यावर. पाण्याला जाता-येता विचारायची, "मिस्त्रीमामा, बसू का?"

मिस्त्री तिच्या केसांकडं बघायचा. "काळे आहेत अजून. जा."

तिचे केस होतेच तसले. पन्नाशी झाली तरी काळेभोर. शेजारणी मेंदी लावायच्या आणि हिच्यावर जळायच्या. एकदा ही डोक्याला भाकरीचं पीठ फासून आली. "आता बसू का?" मिस्त्रीनं पायरीवरूनच वास घेतला. "तांदळाचं आहे. जा, भाकर करपेल." गल्ली हसली. तीही हसली. हा खेळ वर्षानुवर्षं चालला. मला वाटायचं, ह्याला काय घाई आहे? केस पांढरे व्हायला कोणाला काही करावं लागत नाही.

वटपौर्णिमेला आमच्या गल्लीतल्या बायका वडाला लूमचंच सूत गुंडाळायच्या. शिफ्ट सुटताना आम्ही सुतानं भरलेली एकेक कांडी शेठला सांगून घरी आणायचो. मिस्त्री चिडवायचा, "पॉलिस्टरची न्या गं. तुटत नाही, नवरा टिकेल." बायका म्हणायच्या, कॉटनच पाहिजे. वडावरून आल्या की गल्लीतल्या दोन मोठ्या बायकांच्या पाया पडायच्या. त्या म्हणायच्या, अखंड सौभाग्यवती हो.

एका वर्षी मिस्त्रीनं त्याचा अर्थ मला विचारला. मी नुकताच शिफ्टवरून आलो होतो. सांगितला.

"म्हणजे जन्मभर नवरा जिवंत राहो?"

"हो."

"मग तिनं त्याच्या आधी मरायचं?"

"तसं नाही..."

"मग कसं? तूच सांग कसं."

 आमच्यात नवऱ्याआधी बाई गेली तर अहेव गेली म्हणतात, भाग्यवान म्हणतात, हिरवा चुडा भरतात. मी कधी त्याचा विचारच केला नव्हता. माझ्या बाजूनं तर चांगलंच होतं ते.

मिस्त्री पायरीवरून उठला. "आमच्या शास्त्रात देव आयुष्य देतो तेव्हा शांती जोडीला देतो. नुसतं आयुष्य म्हणजे लूमच्या बीमवर गुंडाळलेला नुसता उभा धागा. आडवा कोण घालणार? त्याला काय कापड म्हणतात? आणि देतो तो बाप्या-बाई बघून देत नाही. चल." माझं मनगट धरून त्यानं मला बायकांच्या घोळक्यात ओढलं. अंगात मळका बनियन, डोक्यात कापसाची रुई. "ठेव हात हिच्या डोक्यावर. आणि बोल."

"मिस्त्री, सोडा. लोक बघतायत."

"लोकांसाठीच बोल. शांतीनं म्हातारी हो. बोल!"

बायका पदर तोंडाला लावून फुटायच्या बेतात. मी हिच्या डोक्यावर हात ठेवला. लग्नात सुद्धा एवढी लाज वाटली नव्हती. म्हणालो.

ही मान खाली घालूनच म्हणाली, "मोठ्यानं बोला. मिस्त्रीमामाला आयकू न्हाय आलं."

मी मोठ्यानं म्हणालो. "शांतीनं म्हातारी हो!"

"आता तू," मिस्त्री तिला म्हणाला. "त्याला दे."

आता नवऱ्याच्या डोक्यावर हात कोण ठेवणार, तेही उपासाच्या दिवशी, चारचौघींत? ती अडली. मग तिनं हात वर केला आणि माझ्या केसांतली रुई काढायला लागली. "किती भरलीय बघा. झटकून तरी यावा मानसानं." रुई काढता काढता हात थोडा वेळ तिथंच राहिला.

"झालं," मिस्त्री म्हणाला. "लागला."

त्यानंतर दर वर्षी मी ते करायचो. शेजारचे बापे हसले, मग दोघंतिघं तेही करायला लागले. त्या दोन मोठ्या बायकांना आवडलं नाही. पण मिस्त्रीशी भांडायचं म्हणजे घसा बसायचा.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. मुंबईला न्यायचं, आणायचं. ते औषध सलाईनमधून देतात, त्यानं केस जातात हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. सांगणं वेगळं. उशीवर पडलेले बघणं वेगळं. पोरगा राहनाळच्या गोडाऊनमध्ये ड्युटीला, सुट्टी मिळायची नाही. सूनबाई आणि मी न्यायचो.

एका दुपारी आम्ही तिला घेऊन परत आलो. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली, आत जात नाही. ती उतरली, बाकड्याशी उभी राहिली. मिस्त्री पायरीवर होता. तिनं विचारलं, "मिस्त्रीमामा, बसू का?"

मिस्त्री दर वेळी तिच्या केसांकडं बघायचा. ह्या वेळी त्यानं पायरीकडं बघितलं.

तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. भर रस्त्यात. "आता बघा. येक बी काळा न्हाय."

मिस्त्री उठला. खांद्यावरचा पंचा काढला आणि बाकडं पुसायला लागला. आधीच काचेसारखं होतं ते. तरी पुसत राहिला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाला, "बस."

आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला.

ती बसली. पाय पसरले. "तुमी बी बसा की मामा."

"नाही गं पोरी. ते जोडीनं बसायचं असतं. माझी जोडी पहिल्या बाळंतपणातच गेली. बाईही आणि मूलही." इतक्या वर्षांचा शेजारी, आणि हे आम्हाला त्या दिवशी कळलं. "दुसऱ्यांनी कसंही बसावं. मला एकट्याला बसवत नाही. तू बस रे लेका तिच्याजवळ."

मी बसलो. तिनं माझ्या डोक्याला हात लावला, केस झटकल्यासारखं केलं. लूम सोडून मला किती वर्षं झाली होती. रुई कुठली असणार.

पुढं गणपती गेल्यापासून होळीपर्यंत ती रोज संध्याकाळी बाकड्यावर बसली. मिस्त्रीनं तिला लूमच्या लाकडाची काठी करून दिली. गरज नव्हती तेव्हापासूनच ती काठी टेकत चालायची. मशेरी लावायची. डॉक्टर नको म्हणाले होते. गल्लीत नवीन सून आली तिच्या चालण्याला नावं ठेवली. दूधवाल्याला नावं ठेवली. माझ्या चहा पिण्याच्या आवाजाला नावं ठेवली. पोरं क्रिकेट खेळायची, चेंडू आला की काठी उगारायची, "टाळकी फोडंन!" पोरं तिला आजी म्हणायला लागली. पहिल्यांदा म्हणाली त्या दिवशी ती घरी येऊन मला दोनदा सांगत होती. एक जन्माचं म्हातारपण तिनं एका थंडीत उरकून घेतलं.

होळीनंतर उठली नाही. पाडव्याच्या आत गेली.

बायका आल्या. हिरवा चुडा भरला, हिरवी साडी नेसवली, कपाळभर कुंकू लावलं. त्या दोघी मोठ्या बायका म्हणाल्या, "भाग्याची गं भाग्याची. अहेव गेली." बाकीच्या पाया पडायला रांगेत उभ्या राहिल्या.

मिस्त्री दारात होता. त्याला ऐकू आलं नसणार. पण लूममध्ये जन्म गेलेला माणूस ओठ वाचतो. तो ओरडला, "भाग्य कसलं? तिला म्हातारी व्हायचं होतं!"

 कोणी तरी म्हणालं, मिस्त्री, वेळ काय, बोलता काय.

"वेळ हीच आहे. पिकलेला भारा खळ्यावर यावा तसा माणूस जायला पाहिजे. आमच्या शास्त्रात असं लिहिलंय. ही दाणा भरायच्या आधी कापली." मग त्यानं मान वर केली आणि छताच्या पत्र्याकडं बघून ओरडला. देवाशीही आमच्याशी बोलायचा तसाच. "लिहिलंय ना? तूच म्हणालास ना?"

मला रडू येत नव्हतं तोवर. तेव्हा आलं. सगळे मला सांगत होते की ती भाग्यवान. ती ठकवली गेली एवढं म्हणणारा तो एकटा.

तेराव्यानंतर मी त्याला म्हणालो, "मिस्त्री, तुमचा आशीर्वाद खोटा निघाला."

"निघाला," तो म्हणाला.

त्यानं काही तरी उलटं सांगावं असं मला वाटत होतं. नाही सांगितलं. मग म्हणाला, "अर्धा. अर्धा खोटा. ती बाकड्यावर बसायची तेव्हाचा तिचा चेहरा तू शेजारी बसून नाही पाहिलास. मी समोरून पाहिलाय."

मी बाकड्यावर बसणं सोडलं. संध्याकाळ झाली की पायरीवर त्याच्याशेजारी जाऊन बसायचो. समोर बाकडं रिकामं, आणि दोन म्हातारे पायरीवर दाटीवाटीनं. सूनबाई चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "बाबा, तिकडं मोकळं आहे की." मी म्हणायचो, इथं बरं आहे. लोक मला म्हणायचे, शंभर वर्षं जगा. मला ती शिवी वाटायची. मनात म्हणायचो, बीमवर धागा भरपूर आहे रे बाबांनो, आडवा घालणारी गेली.

पाऊस संपता संपता मिस्त्रीनं अंथरूण धरलं. चर्चची माणसं येऊन जायची, सूनबाई पेज द्यायची. डोळ्यांना मोतीबिंदू, वाचता येईना. एका शुक्रवारी, लूम बंद होते, त्यानं मला पुस्तक दिलं. "ते गावाचं वाच. म्हाताऱ्यांचं. चिठ्ठी घातलीय बघ तिथं."

माझं शिक्षण चौथी. बोट ठेवून ठेवून वाचलं. एकेक शब्द त्याच्या कानाशी ओरडून. म्हातारे आले. म्हाताऱ्या आल्या. रस्ते आले. वयामुळं हातात काठी आली. पोरं आली.

"जोडीनं बसतील, ते वाच."

मी पुन्हा बोट फिरवलं. "ते नाहीये."

"नीट बघ. मागं-पुढं असेल."

मागं बघितलं, पुढं बघितलं. "नाहीये मिस्त्री. नुसतं बसतील असं आहे. म्हातारे आणि म्हाताऱ्या. कोण कोणाबरोबर ते लिहिलेलं नाही."

त्यानं उघड्या पानावर हात फिरवला, चिठ्ठी चाचपली.  मग म्हणाला, "मी आजवर ते तसंच वाचलं. माझ्या मनानंच घातलं वाटतं." आणि हसला. दात नव्हते, हवाच बाहेर आली. "बघ रे. एवढं आयुष्य दिलं त्यानं. बसायला जागा पण माझ्याच हातानं करून घेतली. आणि मी समोर पायरीवर बसून राहिलो."

"आता चला. नेतो तुम्हाला."

"आता कुठं. आता तू बस."

 त्यानं हात वर केला. माझ्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून मी वाकलो. म्हणाला ते मी सांगत नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

नाताळाच्या आधी गेला. त्यांच्या दफनभूमीत मी माती लोटली. पाळकसाहेब म्हणाले, परिपक्व वयात, शांतीनं प्रभूकडं गेले. मला पहिल्यांदा असं काही ऐकून राग आला नाही. भारा पिकून खळ्यावर आला होता.

तरी मी पायरीवरच बसत राहिलो, आता एकटा. डोक्यानं कळलं म्हणून ढुंगण हलत नाही.

परवा वटपौर्णिमा झाली. कांड्या आता कोणी आणत नाही, सूत बाजारात मिळतं. सूनबाई वडावरून आली, त्या मोठ्या बायकांतली एक उरलीय तिच्या पाया पडली, मग पायरीशी येऊन माझ्यापुढं वाकली. तोंडात जुनं वाक्य, अखंड सौभाग्यवतीचं, आपोआप येतं, तेच आलं होतं. मी ते गिळलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शांतीनं म्हातारी हो."

"अहो दादा, हे काय बोलता सणासुदीला," म्हातारी कुरकुरली.

"बरोबर बोललो, वहिनी."

सूनबाई उभी राहिली. डोळे भरले होते. बाकड्याकडं तिनं एकदा बघितलं आणि पदर नीट करत म्हणाली, "मग बाबा, बसू का?"

तिला ठाऊक होतं. घरात आली तेव्हापासून तिनं तो खेळ बघितला होता.

मी तिच्या केसांकडं बघितलं. "काळे आहेत अजून. जा."

ती घरात गेली. आता माझे केस कोण बघणार? मी खोलीतून आमच्या हिची काठी आणली, रस्ता ओलांडून समोर गेलो आणि बाकड्यावर बसलो. माझ्या बाजूला. तिच्या बाजूच्या लाकडावर हात ठेवला, गार होतं. सगळीकडं लूम खडखडत होते, एक कान गेला तरी ते कळतं, लाकडातूनच अंगात येतं.

आणि लाईट गेली.

सगळे लूम एकदम थांबले. कानात शिट्टी. मग टपरीवरचे ग्लास. मग पोरांचा चेंडू भिंतीवर आपटला तो. मी वाट बघत होतो. समोरची पायरी रिकामी होती.

"शांती," मी म्हणालो. हळू म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

मग ओरडलो.